एमओयू झाला, फोटो झाले. आता कॉलेजनं कोल्हापूरच्या धंद्यांसाठी नेमकं काय करायचं?

पन्हाळा_रोड (विचारणा)

नमस्कार मंडळी. शिवाजी विद्यापीठाशी संलग्न कॉलेजात उद्योग आणि गावसंपर्काचं काम माझ्याकडे आहे. एका उद्योजक संघटनेशी सामंजस्य करार झालाय आणि उन्नत भारत अभियानात (कॉलेजांनी गावं दत्तक घ्यायची केंद्र सरकारची योजना) करवीर-पन्हाळा भागातली ५ गावं घेतली आहेत. तिसऱ्या वर्षाची ६० मुलं-मुली आहेत, निम्मी बीएस्सी, निम्मी बीकॉम. प्रत्येकाला ऑन जॉब ट्रेनिंगचे ४ क्रेडिट म्हणजे १२० तास भरायचेत. रसायनशास्त्राची प्रयोगशाळा बरी आहे: पीएच मीटर, ओव्हन, मफल फर्नेस, टायट्रेशनची सगळी सोय. इंजिनिअरिंगची शाखा नाही. खर्चाला साधारण दीड लाख मिळतील.

जागरूकता रॅली, सर्वेक्षण, प्रमाणपत्र वाटप हे करून झालंय. इथल्या फौंड्री, गूळ किंवा चप्पल यांतल्या कुणाच्या तरी खिशात चार पैसे वाढतील असं काम हवंय. कुठून धरावं? आणि करारात काय लिहावं, म्हणजे तो कपाटात पडून राहणार नाही?

साचा_आणि_वाळू

६० पोरं एकदम शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत नेऊन सोडू नका, पहिल्याच आठवड्यात दारं बंद होतील. सुपरवायझरला एका पाळीत दोनपेक्षा जास्त नवखी माणसं सांभाळणं जड जातं. तीन छोट्या फौंड्र्या घ्या, प्रत्येक ठिकाणी चार जण, दोन-दोनच्या जोड्या. बारा झाले. बाकीच्यांना दुसरीकडे लावा.

‘उद्योगांच्या समस्यांचा अभ्यास’ हा विषय घेऊन गेलात तर चहा मिळेल, काम मिळणार नाही. मालकाला एकच विचारा: रिजेक्शन, म्हणजे नाकारलेली कास्टिंग (ओतीव भाग), किती? आकडा तो लगेच सांगेल. पण त्यातलं ब्लो होलचं (वायूमुळे पडलेली पोकळी) किती, सॅंड इन्क्लुजनचं (आत अडकलेली वाळू) किती, कोल्ड शटचं (धातूचे प्रवाह नीट न जुळणं), श्रिंकेजचं (धातू आकसून पडलेली पोकळी) किती, आणि कुठल्या पॅटर्नवर (साच्याच्या नमुन्यावर), ही फोड छोट्या फौंड्रीत क्वचितच लिहिलेली असते. ती करायला मेकॅनिकलची पदवी लागत नाही. नाकारलेल्या प्रत्येक कास्टिंगमागे एक ओळ: तारीख, पाळी, पॅटर्न नंबर, हीट नंबर (धातूची कुठली भट्टी), दोष, आणि दोष कोप बाजूला (साच्याचा वरचा भाग) की ड्रॅग बाजूला (खालचा भाग). सोबत मोबाईलवर एक फोटो. पहिले चार दिवस दोष ओळखायला तिथल्या इन्स्पेक्टरजवळ बसवा, नाहीतर पोरं प्रत्येक खड्ड्याला ब्लो होल लिहितात आणि पुढचं सगळं वाया जातं.

दुसरी वही वाळूची. ग्रीन सॅंडमध्ये (साच्याची ओलसर, बेंटोनाइट माती मिसळलेली वाळू) पाणी साधारण ३ ते ४ टक्क्यांच्या पट्ट्यात ठेवतात. म्हणजे अर्ध्या टक्क्याचा फरकसुद्धा मोठा. इथेच कॉलेजवाले हमखास चुकतात: नमुना पॉलिथिनच्या पिशवीत घालून कॉलेजात आणतात आणि दुसऱ्या दिवशी ओव्हनमध्ये टाकतात. तोवर पाणी उडालेलं असतं, पिशवीच्या आतून थेंब दिसतात, आणि रिपोर्ट येतो ‘वाळू कोरडी आहे’. मॉइश्चर जागेवरच काढायचं. कार्बाइडवर चालणारा मॉइश्चर मीटर काही मिनिटांत रीडिंग देतो. नमुनाही मिक्सरच्या तोंडाशी नको, ढिगातला तर नकोच. मोल्डिंग मशिनच्या हॉपरमधला घ्या. मिक्सरपासून साच्यापर्यंत जाताना जे पाणी उडतं तेच आपल्याला पकडायचंय.

तुमच्या प्रयोगशाळेचा खरा उपयोग मेथिलिन ब्लू टायट्रेशनला आहे. वाळूत जिवंत, म्हणजे अजून वाळू बांधून ठेवू शकणारं, बेंटोनाइट किती उरलंय ते त्यात कळतं. मफल फर्नेस आहे म्हणता, तर लॉस ऑन इग्निशनही (जाळल्यावर घटणारं वजन) काढा, कोल डस्टचा अंदाज येतो. हे दोन्ही नमुने १०५ अंशांवर वाळवूनच करायचे असतात, त्यामुळे प्रवासानं बिघडत नाहीत. चाळण्यांचा संच मिळाला तर एएफएस नंबरही (वाळूच्या कणांच्या बारीकपणाचा आकडा) निघेल, पण तो रोज बदलत नाही, महिन्यातून एकदा पुरे.

मग दोन्ही वह्या शेजारी ठेवायच्या. पाळीच्या उत्तरार्धात ब्लो होल वाढलेले दिसले तर परतीच्या वाळूचं तापमान मोजा. तीच वाळू भराभर फिरली की थंड व्हायला वेळ मिळत नाही. ५० अंशांच्या वर गेली की पाणी टिकत नाही, ऑपरेटर मुठीत दाबून बघतो, कोरडी वाटली की अंदाजानं आणखी पाणी सोडतो. एखादा बॉक्स भुसभुशीत, पुढचा ओलाकच्च. दोष एकाच मशिनवर, पण दोन प्रकारचे.

मालकाला टक्के नका सांगू, विजेची युनिट सांगा. समजा महिन्याला १०० टन कास्टिंग आहे आणि रिजेक्शन ६ वरून ४ टक्क्यांवर आलं. दोन टन वाचले. यिल्ड (वितळवलेल्या धातूतला कास्टिंगमध्ये उतरणारा वाटा) ६० टक्के धरली तर त्यासाठी सव्वातीन टनांहून जास्त धातू वितळवावा लागला असता, आणि इंडक्शन फर्नेसला टनाला ६०० युनिट धरले तर महिन्याला जवळपास २,००० युनिट झाले. मजुरी, वाळू, फेटलिंग (कास्टिंगची साफसफाई) वेगळं. हा हिशेब बीकॉमच्या पोरांकडून करून घ्या, तिथे त्यांचं काम आहे.

दोन गोष्टींत हात घालू नका. श्रिंकेज बहुतेकदा रायझर, ओतण्याचं तापमान आणि मेटलच्या रचनेतून येतं, वाळूच्या वहीतून ते सुटणार नाही. आणि वापरलेल्या वाळूच्या विटा. दर वर्षी कुणीतरी हा प्रकल्प घेतं. त्या फौंड्रीच्या प्रदूषण मंडळाच्या संमतीपत्रात वाळूची विल्हेवाट कशी लिहिली आहे ते न वाचता एक ट्रॉलीसुद्धा बाहेर काढायची नाही.

काहिल_आदण

वरच्यांचं फौंड्रीचं बरोबर आहे, पण तुमची गावं करवीर-पन्हाळ्यातली. तिथे गुऱ्हाळ हाच हाताशी असलेला कारखाना. अडचण एकच, आणि ती सगळ्यात मोठी: वेळापत्रक. गुऱ्हाळं दिवाळीच्या आगेमागे पेटतात आणि मार्चपर्यंत चालतात. तुमच्या परीक्षा ऐन नोव्हेंबर-डिसेंबरात. जानेवारीत पोरं मोकळी होतात, मार्चमध्ये पुन्हा सबमिशन. म्हणजे हातात जानेवारी-फेब्रुवारी एवढंच. तयारी, परवानग्या, साहित्य हे सगळं ऑक्टोबरआधी उरकलं नाही तर चुलवाण थंड झाल्यावर तुम्ही प्रश्नावली घेऊन पोचाल.

काम काय? गूळ पांढरा-पिवळा दिसावा म्हणून हायड्रॉस पावडर टाकतात. तिच्यामुळे गुळात सल्फर डायऑक्साइड राहतो. अन्नसुरक्षेच्या नियमात गुळासाठी त्याची मर्यादा ७० पीपीएम आहे. गुळव्याला (गूळ शिजवणारा कारागीर) व्याख्यान देऊन पावडर बंद होत नाही, कारण मार्केट यार्डात सौद्याला रंग बघूनच बोली लागते. तो पावडर टाकतो ते रंगासाठी, आणि रंग बिघडतो तो आधीच्या तीन गोष्टींमुळे. त्या तीन मोजायच्या.

पहिली, तोडीपासून घाण्यापर्यंत किती तास गेले. २४ तासांच्या आत गाळप व्हावं. ऊस पडून राहिला की साखर फुटते, गूळ मऊ पडतो, रवा बसत नाही. दुसरी, चुन्याची निवळी. ताज्या रसाचा पीएच सव्वापाचच्या आसपास असतो, तो सहाच्या थोडा वर न्यायचा. निवळी जास्त झाली की गूळ काळवंडतो, मग पुन्हा पावडर आलीच. इथे तुमचं पीएच मीटर नेऊ नका. रसाच्या चिकटपणानं आणि वाफेनं इलेक्ट्रोड दोन दिवसांत बाद होईल. पीएच पट्ट्या न्या, रस थोडा निववून बुडवा. तिसरी, मळी. भेंडीचं पाणी घातल्यावर मळी वर येते, ती उकळी फुटायच्या आत काढायची असते. घाई केली की ती पुन्हा रसात मिसळते आणि मग कशानंच निघत नाही.

काहिल (रस आटवायची मोठी कढई) उतरवायचं तापमान लिहून घ्या: काकवीला १०५-१०६ अंश, गुळाला ११६ ते ११८, पावडरीला १२० ते १२२. जुना गुळव्या हे पाण्यात गोळी टाकून बरोबर ओळखतो, त्याला थर्मामीटर शिकवायला जाऊ नका. त्याची गोळी आणि तुमचा आकडा एकाच कागदावर मांडा. उपयोग त्याला नाही, त्याच्या हाताखाली शिकणाऱ्याला आहे. चांगले गुळवे कमी होत चाललेत, हे कुठल्याही गुऱ्हाळावर ऐकायला मिळेल.

एका आदणाला, म्हणजे काहिलीच्या एका खेपेला, एक कागद. एका गुऱ्हाळावर ३० आदणांची नोंद झाली की कुठे घसरतंय ते दिसतं. पाच गुऱ्हाळं म्हणजे दहा पोरं. आणि कृपा करून आधी प्रादेशिक ऊस व गूळ संशोधन केंद्रात जाऊन बसा. राहुरीच्या कृषी विद्यापीठाचं हे केंद्र कोल्हापुरातच आहे, गुळावरच्या शिफारशी तिथे तयार आहेत. कॉलेजनं पुन्हा शून्यापासून संशोधन करायची गरज नाही. ती शिफारस आणि काहिल यांच्यामध्ये जी मोकळी जागा आहे तिथे पोरं उभी करा.

एक इशारा. तुमच्या प्रयोगशाळेत काढलेला सल्फर डायऑक्साइडचा आकडा गुऱ्हाळवाल्याला सुधारणेसाठी द्या, पाकिटावर छापायला देऊ नका. विक्रीत दावा करायचा तर एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ) मान्यता असलेल्या प्रयोगशाळेचाच अहवाल लागतो. हे करारात लिहा, नाहीतर कॉलेजचं नाव घेऊन ‘केमिकलमुक्त’ची पाकिटं बाजारात फिरतील.

लेखाशाखा

दोन्ही उत्तरं भारी, पण खरी गाडी अडते ती आमच्या टेबलावर, म्हणून लिहितो.

सामंजस्य करार हा नुसता इरादा असतो. त्याखाली प्रत्येक कामाचं एक पान जोडा. त्यात प्रश्न एका वाक्यात, नमुने किती, कोण काढणार, साहित्य कुणाचं, दोन्हीकडचा एकेक माणूस पदनामासह, सुरुवात-शेवटची तारीख, आणि अहवाल कुणाच्या हातात पडणार. माहितीची मालकी वेगळ्या ओळीत: रिजेक्शनचे आकडे फौंड्रीचे, पेपर छापायचा तर नाव-गाव झाकून, आणि मसुदा आधी ६० दिवस त्यांच्याकडे. ही ओळ नसली तर मालक पोरांना खरे आकडे दाखवणारच नाही.

पैशाचं. संस्थेनं शुल्क घेऊन चाचणी किंवा सल्ला दिला तर त्यावर १८ टक्के जीएसटी बसतो, शिक्षणाची सवलत तिथे चालत नाही. कोटेशनमध्ये तो न दाखवल्यानं पुढे ताळेबंदात घोळ होतो. दीड लाखातले निम्मे तरी डिसेंबरपर्यंत खर्च करा. मार्चएंडला रसायनांची बिलं घेऊन आलात तर आम्ही हात वर करणार. विद्यार्थ्यांचा ग्रुप अपघात विमा काढल्याशिवाय एकालाही भट्टीजवळ पाठवू नका. सेफ्टी शूज, हेल्मेट, गॉगल कोण देणार हेही त्याच पानावर.

सीएसआरबद्दल (कंपन्यांनी समाजकामावर करायचा खर्च) सगळ्यांच्या फार अपेक्षा असतात. कंपनी कायद्याच्या कलम १३५ प्रमाणे निव्वळ नफा ५ कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा नेटवर्थ ५०० कोटी, यांतलं एक तरी असलं तरच २ टक्क्यांचं बंधन. बहुतेक छोट्या फौंड्र्या त्यात येतच नाहीत. ज्या येतात त्यांना स्वतःच्याच मालाच्या चाचण्या सीएसआरमध्ये दाखवता येत नाहीत. सगळ्यांना खुली असलेली सोय उभी करायला मात्र पैसे देता येतात. राज्याच्या कायद्यानं स्थापन झालेलं विद्यापीठ त्यासाठी पात्र आहे. ट्रस्टचं कॉलेज असेल तर १२ए, ८०जी या आयकराच्या नोंदण्या आणि तीन वर्षांच्या कामाचा पुरावा लागतो. दोघांनाही सीएसआर-१ हा फॉर्म भरून नोंदणी क्रमांक घ्यावाच लागतो. तो नसेल तर कंपनीचा माणूस पुढचं बोलतच नाही.

आणि मोठं उपकरण घ्यायच्या आधी विद्यापीठातल्या सैफ (मोठ्या विश्लेषण यंत्रांची सामायिक सोय) केंद्राचे दर बघा. एसईएम, एक्सआरडीसारखी यंत्रं तिथे पैसे भरून वापरायला मिळतात. कॉलेजनं पुन्हा घ्यायची आणि झाकून ठेवायची, हा खेळ पुरे.

पन्हाळा_रोड

सगळ्यांचे आभार. दोन शंका. बीकॉमच्या मुलींचा मोठा गट आहे, त्यांना चप्पल कारागिरांसोबत काम करायचंय. तिथे काय करण्यासारखं आहे? आणि गावांचं जे सर्वेक्षण आमच्याकडे पडून आहे त्याचं काही होईल का?

वादी_वेणी

चपलेत डिझाईन शिकवायला जाऊ नका. प्राडा या इटालियन ब्रँडनं कोल्हापुरीसारखी चप्पल दाखवल्याच्या प्रकरणानंतर २०२५ मध्ये डिझायनरांची रीघ लागली होती, तेवढं पुरे. कारागिराला हिशेब लागतो.

एका जोडाची किंमत काढायला बसा. तळाचं कातडं, पट्ट्याचं कातडं, वादी, रंग, खिळे इतकं तो तोंडपाठ सांगेल. वेणी कुणी विणली? घरातल्या बाईनं. किती वेळ? ‘ते काय, घरचंच काम.’ ते शून्य धरलं जातं आणि व्यापाऱ्याला दिलेला भाव त्यावरच ठरतो. मुलींनी घरात बसून घड्याळ लावून वेणी, कान, पट्टा, तळाची शिलाई यांची मिनिटं लिहावीत, पाच-सहा घरांत, प्रत्येकी दहा जोड तरी. मग आजच्या मजुरीनं गुणाकार. तो कागद कारागिराजवळ राहिला पाहिजे, प्रकल्पाच्या फाईलमध्ये नव्हे. आणि हो, ओलं कातडं आणि वाळलेलं कातडं यांचं वजन-भाव वेगळं धरा, नाहीतर कच्च्या मालाचाच आकडा चुकेल.

दुसरं काम कागदपत्रांचं. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं. ते महाराष्ट्राचं संत रोहिदास चर्मोद्योग महामंडळ आणि कर्नाटकाचं चर्मोद्योग महामंडळ लिडकर यांच्या नावावर आहे, आठ जिल्ह्यांसाठी. पण जीआय मिळालं म्हणून प्रत्येक कारागिराला आपोआप टॅग लावता येत नाही. त्याला अधिकृत वापरकर्ता म्हणून स्वतःची नोंदणी करावी लागते. अर्जाचा नमुना जीआय-३. सोबत उत्पादनाचा पुरावा, पत्ता आणि महामंडळाशी पत्रव्यवहार. कोल्हापुरात कारागिरांच्या सुभाषनगर वस्तीत एक टेबल-खुर्ची टाकून आठवड्यातला एक ठरलेला दिवस, सहा महिने. अडतं ते फॉर्मपाशी नाही, पुराव्यापाशी: घरगुती धंद्याकडे बिलंच नसतात. म्हणून पहिल्या महिन्यात फॉर्म भरूच नका, साधं बिलबुक आणि उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) करून द्या.

ग्रामसभा_२ऑक्टोबर

सर्वेक्षणाचं मी सांगतो. ग्रामपंचायतीचा विकास आराखडा ठरतो तेव्हा तुमची माहिती टेबलावर असेल तरच तिला किंमत. महाराष्ट्रात २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या ग्रामसभा ठरलेल्या. आराखड्याची मोहीम २ ऑक्टोबरपासून पुढे चालते. म्हणजे सर्वेक्षण जुलै-ऑगस्टात, आणि सप्टेंबरच्या मध्यापर्यंत ग्रामपंचायत अधिकाऱ्याच्या (पूर्वीचा ग्रामसेवक) हातात दोन पानं. ४० पानी अहवाल कुणी उघडत नाही. वाडीचं नाव, कामाचं नाव, किती घरं, अंदाजे खर्च, कुठल्या निधीत बसेल. एवढंच.

एक मुद्दा मात्र इथे कुणी काढला नाही. अमेरिकेत १८६२ च्या कायद्यानं लॅंड-ग्रांट कॉलेजं (सरकारी जमिनीच्या देणगीवर उभी राहिलेली) निघाली, पण ती शेतापर्यंत पोचली १९१४ च्या स्मिथ-लिव्हर कायद्यानंतर, कारण त्यात जिल्ह्याजिल्ह्यात पगारी माणूस बसवायला पैसे होते. आपल्याकडे कृषी विज्ञान केंद्रं त्याच वाटेची, कणेरीला आणि तळसंद्याला आहेत. पारंपरिक विद्यापीठाच्या कॉलेजाकडे असा माणूस नसतो. पोरं दर वर्षी बदलतात, प्राध्यापकाची बदली होते, आणि गाव पुन्हा पहिल्यापासून तीच प्रश्नावली भरतं. दीड लाखातले पैसे उपकरणापेक्षा एका अर्धवेळ प्रकल्प सहायकावर घाला. गावातलाच पदवीधर असेल तर उत्तम.

साचा_आणि_वाळू

सहायकाबद्दल थोडा असहमत. दीड लाखात वर्षभर माणूस ठेवला तर मॉइश्चर मीटरला आणि रसायनांना काय उरणार? त्यापेक्षा पाळीचा सुपरवायझर आणि गुऱ्हाळाचा मुकादम यांनाच सहमार्गदर्शक नेमा, थोडं मानधन द्या, त्यांची सही मूल्यमापनाच्या कागदावर घ्या. माणूस तिथलाच राहतो.

ग्रामसभा_२ऑक्टोबर

फौंड्रीत चालेल. गावात मुकादम मार्चनंतर भेटणार नाही. तिथे सहायकच लागेल, निदान सप्टेंबर ते फेब्रुवारी.

पन्हाळा_रोड

हे पटलं. मग असं धरतो: १२ फौंड्रीला, १० गुऱ्हाळावर, मुलींच्या गटातल्या १६ जणी चपलेच्या हिशेबाला आणि नोंदणीच्या टेबलाला, ६ जण फौंड्रीच्या खर्चाच्या हिशेबाला, उरलेले १६ ग्रामपंचायतींच्या दोन पानांना. सहायक सहा महिन्यांचा, फक्त गुऱ्हाळं आणि गावांपुरता. शेवटचं एक: पहिल्या फौंड्रीनं रिजेक्शनची वही दाखवायलाच नकार दिला तर?

साचा_आणि_वाळू

मागूच नका. जुनी वही म्हणजे जुनी भांडणं. पहिल्या दिवशी कोरी वही घेऊन जा, तिच्यावर फौंड्रीचंच नाव घाला, संध्याकाळी ती त्यांच्याच टेबलाच्या खणात ठेवा आणि कॉलेजात फक्त फोटो न्या. आणि पहिलं पॅटर्न त्यांना निवडू द्या. ते सगळ्यात डोकेदुखीचंच देतील, तेच तुम्हाला हवंय. बारा-पंधरा दिवसांचे आकडे झाले की फाउंड्रीमनला दाखवा, मालकाच्या आधी. त्याला वगळून थेट केबिनमध्ये गेलात तर दुसऱ्या दिवशी हॉपरजवळ उभं राहायलाही जागा मिळणार नाही.